ऑनलाइन प्रमाणपत्र घेऊन डेटा अ‍ॅनालिस्ट होता येतं का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बी.कॉम. झाले आणि भोसरीतल्या एका वाहतूक कंपनीत रोज किती गाड्या सुटल्या, किती पोचल्या, याचा तक्ता भरायला लागले. २०२१ साली ऑनलाइन प्रमाणपत्र पूर्ण केलं. आता खराडीत अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करते आणि नव्या उमेदवारांच्या मुलाखतींनाही बसते. नात्यातली मुलं, जुने सहकारी, मैत्रिणींच्या सुना मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

नुसत्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर नोकरी लागते का?

नाही लागत. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मुलाखत घेताना माझ्यासमोर जे बायोडेटा येतात, त्यातल्या बहुतेकांवर तीच दोन-तीन प्रमाणपत्रं असतात. ती पाहून मला एवढंच कळतं की या माणसाने काही महिने चिकाटीने अभ्यास केला. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यावरून निवड होत नाही.

निवड होते ती पुढच्या दहा मिनिटांत. तुम्ही स्वतः एखादा प्रश्न घेतला होता का? त्यासाठी डेटा कुठून आणला? त्यात घाण काय निघाली आणि ती कशी काढली? उत्तर काय आलं आणि त्यावर तुमचा किती विश्वास आहे? एवढं ज्याला पाच वाक्यांत सांगता येतं, त्याच्या प्रमाणपत्रावर कुणाचं नाव आहे हे मी नंतर पाहतेसुद्धा नाही.

डेटा अ‍ॅनालिस्ट दिवसभर करतो काय?

जाहिरातीत रंगीत आलेख दिसतात. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त वेळ आकडे जुळवण्यात जातो. विक्री विभाग म्हणतो ४१२ ऑर्डर, गोदाम म्हणतं ३९७. मग त्या १५ शोधायच्या. रद्द झालेल्या कुणी धरल्या, कुणी नाही? एकाने तारीख ऑर्डरची घेतली आणि दुसऱ्याने माल निघाल्याची?

माझ्या पहिल्या नोकरीत एक महिना गाड्यांच्या फेऱ्यांचा हिशेब जुळत नव्हता. शेवटी सापडलं ते असं : एका पाळीचा माणूस गाडीचा नंबर लिहिताना ‘एमएच’ आणि ‘१२’ यांच्यामध्ये जागा सोडायचा, दुसरा सोडायचा नाही. एक्सेलच्या लेखी त्या दोन वेगळ्या गाड्या होत्या. ज्याला असली भानगड शोधताना मजा येते, त्याने या कामात जरूर यावं. ज्याला वैताग येतो, त्याने पैसे भरण्याआधी पुन्हा विचार करावा. यात कमी-जास्त काही नाही, स्वभावाचा भाग आहे.

मग कोणतं प्रमाणपत्र घेऊ?

मला माहीत असलेल्यांबद्दल लिहिते.

गूगलचं डेटा अ‍ॅनालिटिक्सचं प्रमाणपत्र मार्च २०२१ मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर आलं. सुरुवातीला त्यात ८ भाग होते. प्रश्न कसा विचारावा, डेटा कसा तपासावा, स्वच्छ कसा करावा, मांडावा कसा, अशा क्रमाने ते जातं. स्प्रेडशीट (एक्सेलसारखे तक्ते), एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), टॅब्लो (आलेख मांडायचं सॉफ्टवेअर) आणि आर (आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकवतं. अगदी कोऱ्या पाटीवर सुरुवात करणाऱ्याला हाच क्रम सोपा जातो. आठवड्याला दहा तासांहून कमी वेळ दिला तरी सहा महिन्यांत होईल, असं तेच सांगतात, आणि नोकरी सांभाळून मला साधारण तेवढाच वेळ लागला. उणीव ही की त्यात पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं टॅब्लोसारखंच सॉफ्टवेअर) नाही, आणि पुण्या-मुंबईच्या ज्या जाहिराती मी पाहते त्यांत टॅब्लोपेक्षा पॉवर बीआयच जास्त दिसतं. ते वेगळं शिकावं लागतं.

आयबीएमचं प्रमाणपत्रही कोर्सेरावरच आहे. ते एक्सेल, एसक्यूएल आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवर भर देतं. थोडंफार प्रोग्रॅमिंग झालेलं असेल तर हे बरं.

मायक्रोसॉफ्टची पीएल-३०० ही पॉवर बीआयची परीक्षा आहे. ही खरीखुरी परीक्षा. १००० पैकी ७०० गुण लागतात. प्रमाणपत्र एक वर्ष टिकतं आणि दरवर्षी ऑनलाइन चाचणी देऊन फुकट नवं करून घेता येतं. अभ्यासाचं साहित्य मायक्रोसॉफ्ट लर्नवर मोफत आहे. आधी स्प्रेडशीट आणि एसक्यूएल जमल्यावर ही दिली तर मुलाखतीत वजन पडतं, कारण ती घरबसल्या व्हिडिओ पुढे ढकलून पास होत नाही.

आणि आपल्याकडे ज्याची जाहिरात होत नाही ते एनपीटेल. आयआयटी आणि आयआयएस्सीने मिळून चालवलेलं. कोर्सला नाव घालणं, व्याख्यानं ऐकणं, गृहपाठ देणं सगळं फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची १००० रुपये फी, आणि ती परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची. गृहपाठाला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या मुलांना मी आधी हेच सुचवते. शिकवण्याची पद्धत कॉलेजसारखी कोरडी वाटेल, पण पाया पक्का होतो.

ज्यांच्या हाताशी तीन-चार वर्षं आहेत, त्यांनी आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्समधल्या ऑनलाइन बीएस पदवीकडेही पाहावं. २०२० पासून सुरू आहे. वयाची अट नाही, आणि मध्येच थांबलात तरी त्या त्या टप्प्याचं प्रमाणपत्र किंवा पदविका हातात पडते. मात्र ती पदवी आहे, सहा महिन्यांचं काम नव्हे.

दोन प्रमाणपत्रं एकाच वेळी सुरू करू नका. चार घेण्यापेक्षा एक घ्या आणि उरलेला वेळ स्वतःच्या प्रोजेक्टला द्या.

फी परवडत नसेल तर?

कोर्सेरा दर महिन्याने पैसे घेतं, म्हणजे जितक्या लवकर संपवाल तितकं स्वस्त. तिथे आर्थिक मदतीचा अर्जही करता येतो. उत्पन्न किती, हा कोर्स का हवा, त्याने काय होईल, हे स्वतःच्या शब्दांत लिहायचं आणि वाट पाहायची. अर्ज कुणाचा उतरवून काढू नका, खरं लिहा.

सॉफ्टवेअरचा खर्च जवळपास नाहीच. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूलाइट ही डेटाबेसची सॉफ्टवेअरं, पायथन, आर, सगळं मोफत. पॉवर बीआय डेस्कटॉपही मोफत, फक्त ते विंडोजवरच चालतं. गूगलच्या बिगक्वेरी या ऑनलाइन डेटाबेसमध्ये क्रेडिट कार्ड न देता दर महिन्याला १ टेराबाइटपर्यंतच्या क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) चालवता येतात. शिकणाऱ्याला ते वर्षभर पुरून उरतं.

खर्च आहे तो लॅपटॉपचा. मोबाइलवर व्हिडिओ पाहून होतात, सराव होत नाही. ८ जीबी रॅमचा जुना वापरलेला लॅपटॉप चालतो.

माझं गणित कच्चं आहे. जमेल का?

शेकडेवारी, सरासरी, गुणोत्तर हे पक्कं असेल तर पहिल्या नोकरीपुरतं भागतं. पण ‘पक्कं’ म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगते.

बाजार समितीत सोमवारी १०,००० क्विंटल कांदा आला, भाव १,५०० रुपये. मंगळवारी फक्त ५०० क्विंटल आला, भाव २,५००. दोन दिवसांचा सरासरी भाव किती? घाईत २,००० म्हणाल. पण शेतकऱ्यांच्या हातात पडलेले एकूण पैसे एकूण क्विंटलांनी भागले तर येतात सुमारे १,५४८ रुपये. २,००० सांगणारा बेरीज-भागाकारात चुकलेला नाही, पण त्याने शेतकऱ्याला मिळालंच नाही असं उत्पन्न कागदावर दाखवलं. हा फरक ज्याला आपोआप खटकतो त्याचं गणित या कामाला पुरेसं आहे, मग दहावीला कितीही मार्क पडलेले असोत.

नेमकं किती शिकलं म्हणजे अर्ज करायला हरकत नाही?

एक्सेलमध्ये पिव्होट टेबल (गटवार बेरजा), एक्सलुकअप (एका तक्त्यातली माहिती शोधून दुसऱ्यात आणणं), पॉवर क्वेरी (तीच साफसफाई दरवेळी आपोआप करणं). आणि माउसला हात न लावता हजार ओळींची फाइल झटपट साफ करता आली पाहिजे.

एसक्यूएल मात्र कोर्समध्ये शिकवतात त्याच्या दुप्पट शिका. माझ्या मते हीच एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर पहिली नोकरी ठरते. सिलेक्ट (हवं ते निवडणं), ग्रुप बाय (गट करणं) इथपर्यंत सगळे येतात. जॉइनपाशी (दोन टेबलं जोडताना) निम्मे गळतात, विंडो फंक्शनपाशी (प्रत्येक ओळ तशीच ठेवून गटातला क्रम किंवा चालू बेरीज काढताना) उरलेले. रोज पाच प्रश्न, तीन महिने. कागदावर टेबलं काढून, प्रत्येक जॉइननंतर ओळी किती होतील हे आधी तोंडाने सांगून मगच क्वेरी चालवायची. उत्तर चुकलं की का चुकलं ते शोधायचं. मी असंच शिकले आणि मला दुसरा मार्ग ठाऊक नाही.

पॉवर बीआय किंवा टॅब्लो यांपैकी एक. पायथन नंतर. पहिल्या नोकरीआधी पायथन, मशीन लर्निंग, क्लाउड असं सगळं गोळा करत बसलेली मुलं दोन-दोन वर्षं ‘तयारी’च करत राहतात. ते पाहून जीव तुटतो.

प्रोजेक्ट कुठला करू? कोर्समधला चालेल ना?

सरावाला चालेल, दाखवायला नाही. गूगलच्या कोर्सच्या शेवटी भाड्याच्या सायकलींच्या एका काल्पनिक कंपनीचा अभ्यास असतो, डेटा शिकागोतला. तोच आलेख, तोच निष्कर्ष, तेच रंग मी कितीतरी उमेदवारांकडून पाहिले आहेत. ‘शिकागोत उन्हाळ्यात सायकली जास्त का चालतात?’ असं विचारलं की पुढे शांतता. शिकागो कुणी पाहिलेलंच नसतं.

तुमच्या माहितीतलं जग घ्या. नाशिककडचे असाल तर कांदा. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर आणि राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्यावर निर्यातबंदी घातली आणि मे २०२४ मध्ये ती उठवली. लासलगावचे त्या आधीचे आणि नंतरचे भाव काढा. इतर बाजार समित्यांशी ताडून पाहा. दरवर्षी त्या दिवसांत लाल कांद्याची आवक वाढून भाव उतरतातच, मग बंदीमुळे किती उतरला आणि हंगामामुळे किती, हे वेगळं कसं करणार? याचं अचूक उत्तर कुणाकडेच नसेल. पण तुम्ही कसा विचार केलात, हे ऐकायला मी अर्धा तास बसेन.

त्यात एक खाच आहे. बंदीनंतर काही दिवस लिलावच बंद पडले होते. त्या दिवशी भाव शून्य नव्हता, भाव नव्हताच. रिकाम्या जागी शून्य भरलंत तर महिन्याची सरासरी कोसळते आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढता. मोकळी जागा आणि शून्य यांतला फरक कळलेला उमेदवार मिळाला, की मला त्याला पुढचा प्रश्न विचारावासा वाटतो.

कांदा नको तर नर्सिंग केलेल्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं घ्यावीत, बांधकामात असलेल्यांनी महारेराच्या प्रकल्पांची नोंद पाहावी, शिक्षकांनी शाळांचा डेटा. काही नाही तर घरच्या किराणा दुकानाची एका वर्षाची वही. हो, वही. ती एक्सेलमध्ये उतरवताना तुम्ही जे शिकाल ते कुठलाच कोर्स शिकवत नाही. फक्त उधारीवाल्यांची नावं बदलून मगच कुणाला दाखवा.

असे दोन प्रोजेक्ट पुरेत. गिटहब किंवा टॅब्लो पब्लिक या, आपलं काम सगळ्यांना दाखवता येणाऱ्या संकेतस्थळांवर ठेवा, आणि सोबत एक पान लिहा : प्रश्न काय, डेटा कुठला, काय गाळलं आणि का, उत्तर काय, शंका कुठे आहे.

महाराष्ट्राच्या डेटावर काम करताना काय अडचणी येतात?

यावर मी तासन् तास बोलू शकते, कारण याच अडचणींनी मला काम शिकवलं.

पहिली जिल्ह्यांची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, म्हणून आता ३६. जनगणना आणि २०१९-२१ चं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्याच्या नावाने जोडलंत, तर पालघर रिकामा येतो. ते निदान दिसतं तरी. न दिसणारी चूक ठाण्याची. जनगणनेतल्या ठाण्याच्या १ कोटी १० लाखांत पालघरही आहे आणि सर्वेक्षणातल्या ठाण्यात नाही. नाव जुळलं, ओळ जुळली, कुठेच लाल खूण आली नाही, आणि निष्कर्ष चुकला.

दुसरी नावांची. उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. जुन्या फाइलींत जुनी नावं, नव्यांत नवी, आणि काही फाइलींत दोन्ही. शिवाय इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. म्हणून नावावर जोडू नका, जिल्ह्याच्या कोडवर जोडा. कोड नसेल तर जुनं नाव-नवं नाव अशी एक छोटी यादी स्वतः तयार करा आणि प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वापरा. माझी ती यादी आजही चालते.

तिसरी मराठी अक्षरांची. जुन्या सरकारी किंवा सहकारी संस्थांच्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. फाँट बदलला की सगळी अगम्य चिन्हं दिसतात, कारण आत साठवलेलं मराठी नसतंच. आधी युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) रूपांतर करावं लागतं, आणि त्यानंतरही जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. युनिकोडमधली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) एक्सेलमध्ये सरळ दोनदा क्लिक करून उघडली तरी बऱ्याचदा अक्षरं फुटतात. ती डेटा मेनूतून आत घ्यायची आणि युटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार निवडायचा. आणि ‘कराड’, ‘कऱ्हाड’ ही एकाच गावाची दोन रूपं आहेत हे संगणकाला तुम्हीच सांगायचं असतं.

या तीनपैकी एक जरी अडचण तुम्ही स्वतः सोडवली असेल, तर बायोडेटात प्रमाणपत्राच्या वर लिहा.

सगळ्या जाहिरातींत दोन वर्षांचा अनुभव मागतात. तो आणू कुठून?

‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ हे नाव सोडून शोधा. एमआयएस (कंपनीचे रोजचे अहवाल) एक्झिक्युटिव्ह, रिपोर्टिंग एक्झिक्युटिव्ह, बॅक ऑफिस, ऑपरेशन्स कोऑर्डिनेटर. भोसरी, चाकण, रांजणगाव, तळोजा, वाळूज इथल्या कारखान्यांत, रुग्णालयांत, शाळांच्या कार्यालयांत, पतसंस्थांत ही कामं असतात. नाव साधं, पगार बेताचा, पण रोज खऱ्या डेटात हात असतो. एमआयएसच्या खुर्चीला कमी लेखू नका. मी तिथूनच आले.

आणि तुम्ही आत्ता जिथे आहात तिथे काय करता? अकाउंटंट असाल, मेडिकल दुकानात असाल, कॉल सेंटरला असाल, तर कुठला तरी तक्ता रोज हाताने होतच असेल. तो पॉवर क्वेरीत बसवा. ‘रोज दोन तासांचं काम दहा मिनिटांवर आणलं’ हे वाक्य खरं असेल तर तो अनुभवच आहे. अर्थात, कार्यालयाचा डेटा घरी नेऊ नका आणि कुणाला दाखवू नका. काय केलं ते सांगा, आकडे नव्हे.

वय ३८ आहे, पूर्वी बँकेत होते. मधली आठ वर्षं मुलांमुळे घरी होते. उशीर झाला का?

उशीर नाही झाला, पण वाट वेगळी आहे. २२ वर्षांच्या मुलांबरोबर फ्रेशर म्हणून रांगेत उभ्या राहू नका. पूर्वी बँकेत काम केलंत ना? मग कर्ज थकतं कसं हे तुम्हाला माहीत आहे, त्या मुलांना नाही. बँका, पतपुरवठा, विमा या क्षेत्रांतल्याच जागा शोधा आणि प्रोजेक्टही त्यातलाच करा. जुन्या सहकाऱ्यांना फोन करा. संकोच वाटेल, तरी करा. माझ्या ओळखीत या वयात परतलेल्या ज्या बायका आहेत, त्यांतल्या बहुतेकींना जागा ओळखीतून कळली आणि कामाने टिकली.

मुलाखतीत मधल्या वर्षांबद्दल विचारतील. ‘मुलं लहान होती, घरी होते, गेल्या वर्षभरात हे शिकले’ एवढं सांगून प्रोजेक्टकडे वळा. माफी मागितल्यासारखं बोलू नका.

शिक्षण मराठी माध्यमात झालंय. इंग्रजी अडतं.

अडतं, खोटं कशाला बोलू. रिपोर्ट इंग्रजीत जातात, परदेशी क्लायंट असतात. पण मुलाखतीत अडकणाऱ्यांपैकी पुष्कळांची खरी अडचण इंग्रजीची नसून विचार सुटा झालेला नसतो, ही असते. म्हणून आधी आपला प्रोजेक्ट घरात कुणाला तरी मराठीत समजावून सांगा, आईला, भावाला. त्यांना कळला की तेच इंग्रजीत दहा वाक्यांत लिहा, सोप्या शब्दांत, आणि रोज मोठ्याने म्हणा. व्याकरण थोडं चुकलं तर आम्ही सोडून देतो. सांगणाराच गोंधळलेला असेल तर मात्र पुढे जाता येत नाही.

मुलाखतीत काय विचारतात?

माझा आवडता प्रश्न साधा आहे. ग्राहकांचं एक टेबल, ऑर्डरींचं एक. ज्यांनी एकही ऑर्डर दिली नाही असे ग्राहक काढा. लेफ्ट जॉइन करून (डावीकडचे सगळे ग्राहक ठेवून ऑर्डरींचं टेबल जोडून) उजवीकडची किल्ली, म्हणजे जोडणारा रकाना, रिकामी आहे का ते पाहायचं, एवढंच. मग विचारते, ‘या वर्षी ऑर्डर न दिलेले काढा.’ इथे बरेचजण वर्षाची अट शेवटच्या व्हेअरमध्ये (जोडून झाल्यावर ओळी गाळणाऱ्या भागात) टाकतात आणि सगळी यादीच गायब होते. अट जॉइनमध्येच घालायची असते. चुकलं म्हणून आम्ही कुणाला काढत नाही. ‘यादी रिकामी आली, हे बरोबर वाटतं का?’ असं विचारल्यावर थांबून, टेबल कागदावर काढून, स्वतःची चूक शोधणारा उमेदवार आम्हाला हवा असतो.

याशिवाय सरासरी कुठे फसवते आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) कधी घ्यावा, तोच ग्राहक दोनदा आला आहे हे कसं ओळखाल, साहेबांना हवा होता त्याच्या उलट आकडा आला तर काय कराल. शेवटच्या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर लगेच कळतं.

‘१०० टक्के प्लेसमेंट’ देणाऱ्या क्लासला जाऊ का?

शिकवणारा चांगला असेल आणि तुम्हाला समोर माणूस लागत असेल तर क्लासला जायला काहीच हरकत नाही. पण प्लेसमेंटच्या शब्दावर पैसे भरू नका. करार वाचा. ‘गॅरंटी’ म्हणजे नोकरी की फक्त मुलाखती? फी हप्त्यांवर आहे असं सांगतात, तेव्हा पुष्कळदा ते तुमच्या नावावर घेतलेलं कर्ज असतं. क्लास सोडला तरी हप्ते चालू राहतात. माझ्या एका मैत्रिणीने न शिकलेल्या कोर्सचे हप्ते दीड वर्ष फेडले.

नोकरी देण्याआधी अनामत, नोंदणी, लॅपटॉपची फी मागणारा कुणीही असो, तिथून उठून या.

आणि खोटा अनुभव विकत घेऊ नका. यावर मला फार कळकळीने सांगायचं आहे, कारण चांगली मुलं यात अडकतात. पैसे घेऊन दोन वर्षांचं पत्र, पगाराच्या पावत्या देणारे लोक आहेत. कंपन्या भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन या क्रमांकावरून जुन्या नोकऱ्या पडताळतात, आणि तिथे नोंद नसली की निवड झालेली नोकरीही जाते. कधी रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी जाते. त्यानंतर नावावरचा तो डाग पुसून काढणं फार कठीण.

पगाराचा आकडा कसा वाचायचा?

वर्षाचे ३,६०,००० म्हणजे महिन्याला ३०,००० हातात, असं धरून घरभाडं ठरवू नका. समजा त्यातले १० टक्के कामगिरीवर अवलंबून आहेत. राहिले महिन्याला २७,०००. त्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटी साधारण ७०० धरलेली असते. मग तुमचा वाटा १,८०० कापला जातो. पुरुषांचा २०० रुपये व्यवसाय कर, महाराष्ट्रात स्त्रियांना २५,००० पर्यंत तो नाही. हातात येतात साडेबावीस हजारांच्या आसपास. म्हणून ऑफर येताच ‘दरमहा हातात किती?’ असं लेखी विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

बाँड असेल तर किती महिन्यांचा, रक्कम किती, आणि नोटिस पिरियड किती, हेही सहीआधी.

एआय आलंय. ही नोकरी राहील का?

क्वेरी लिहिण्याचं काम एआय झपाट्याने करतं, मीही रोज वापरते. नुसतं सांगितलं तेवढंच करणाऱ्यांची गरज कमी होईल, असं मला वाटतं. पण पालघर वेगळा झाल्यावर ठाण्याचा आकडा बदलला, गोदामातला माणूस शनिवारची नोंद सोमवारी करतो, लासलगावला त्या दिवशी लिलावच झाला नाही, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा माणूस व्हा. शिकताना मात्र पहिले तीन महिने एसक्यूएल स्वतःच्या हाताने लिहा. ज्याला स्वतः लिहिता येत नाही त्याला एआयची चूकही दिसत नाही.

नोकरी लागली! पहिल्या महिन्यात काय करू?

अभिनंदन. पहिल्या आठवड्यात नवा डॅशबोर्ड बनवायला धावू नका. आधीचा रिपोर्ट घ्या आणि त्यातला एकच आकडा स्वतः पहिल्यापासून काढून पाहा. जुळेपर्यंत सोडू नका. प्रत्येक शब्दाची व्याख्या विचारून वहीत लिहा : इथे ‘ग्राहक’ कुणाला म्हणतात, ‘महिना’ कुठल्या तारखेला संपतो, ‘परत आलेला माल’ कधी धरतात.

आणि जमल्यास एक दिवस, डेटा जिथे जन्मतो तिथे जाऊन उभे राहा. गोदामात, काउंटरवर, गेटवर. रजिस्टर भरणाऱ्या माणसाबरोबर चहा घ्या. आपल्या गाड्यांच्या नंबरांमधली ती मोकळी जागा मला कुठल्याही सॉफ्टवेअरने दाखवली नव्हती. रात्रपाळीच्या सुपरवायझर काकांशेजारी बसले होते, त्यांनी नंबर टाइप केला, स्पेस बार दाबला, तेव्हा दिसली.